वाचकांचे प्रश्न : वॉशिंग्टन हे आडनाव आलं कुठून?

इंग्लंडमधल्या गावांवरून पडलेल्या आडनावांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. त्यांतले बरेचसे वॉशिंग्टनभोवती फिरतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : वॉशिंग्टन हे आधी गावाचं नाव की माणसाचं आडनाव? आणि ते नेमकं कुठलं?

गाव आधी. ईशान्य इंग्लंडमध्ये, जुन्या डरहॅम काउंटीत, वेअर नदीच्या उत्तरेला वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. आता ते संडरलंड शहराच्या हद्दीत येतं. नावातलं शेवटचं ‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली शेती किंवा वाडी, मधलं ‘इंग’ कुणाशी तरी असलेलं नातं दाखवणारं, आणि सुरुवातीला ह्वेसा नावाचा माणूस. थोडक्यात, ह्वेसाची वाडी. या ह्वेसाची स्वतंत्र नोंद कुठल्याही कागदात नाही; अभ्यासकांनी त्याचं नाव गावाच्या नावावरूनच काढलेलं आहे.

माणसाला हे नाव चिकटल्याचा माग ११८३ सालच्या एका दप्तरात लागतो. डरहॅमचे बिशप ह्यू द पुइसे यांनी आपल्या जमिनींची आणि त्यांवरच्या उत्पन्नाची मोजदाद करून घेतली होती. ती नोंदवही ‘बोल्डन बुक’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात विल्यम द हर्टबर्न नावाचा जमीनदार भेटतो. त्याने आपलं हर्टबर्न हे गाव बिशपला सोडून दिलं आणि बदल्यात वॉशिंग्टन घेतलं, चर्च आणि चर्चची जमीन वगळून. अटी दोन : चार पौंड खंड भरायचा, आणि बिशपची मोठी शिकार निघाली की चार ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर व्हायचं. गाव बदललं तसं नावही बदललं. हर्टबर्न मागे पडलं आणि घराणं ‘द वेसिंग्टन’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

इथे एक फरक ध्यानात घेतला नाही तर पुढचं सगळं गणित चुकतं. जमीनदाराला नाव पडायचं ते त्याच्या ताब्यातल्या गावावरून. १०६६ नंतर आलेल्या नॉर्मन सरदारांनी ही रीत इंग्लंडमध्ये रुजवली. सामान्य माणसाचं उलटं. गावात राहणाऱ्या प्रत्येकाला गावाचंच नाव लावून कुणाची ओळख पटणार? ते नाव पडायचं गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर. नव्या ठिकाणचे लोक त्याला ‘तो अमक्या गावचा’ म्हणायचे. गाव सोडणाऱ्याला ‘कर’ लावणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळं समजवायला नको. तेव्हा १४व्या शतकातल्या एखाद्या करयादीत ‘जॉन ऑफ वॉशिंग्टन’ नावाचा शेतमजूर दिसला, तर तो वॉशिंग्टनमध्ये राहत नव्हता असंच बहुधा समजायचं.

आणखी एक अडचण : वॉशिंग्टन नावाची गावं इंग्लंडमध्ये एकापेक्षा जास्त आहेत. दक्षिणेला वेस्ट ससेक्समध्ये दुसरं वॉशिंग्टन आहे. ते वासा नावाच्या माणसाच्या कुळाची वस्ती, म्हणजे व्युत्पत्तीही थोडी निराळी. त्याची नोंद १०८६च्या ‘डूम्सडे’ मोजणीत, म्हणजे राजाने करून घेतलेल्या जमिनींच्या मोजणीत, सापडते. डरहॅमच्या वॉशिंग्टनची तिथे सापडत नाही, कारण त्या मोजणीत डरहॅम आणि नॉर्थंबरलंड घेतलेच नव्हते. अनेक जण डूम्सडेत गाव सापडलं म्हणून आनंदाने ससेक्स धरून बसतात, आणि घराणं असतं उत्तरेकडचं. तिसरी गल्लत डर्बीशरमधल्या वेसिंग्टनची. त्या गावाच्या नावाचा उगम विगस्टान या माणसाच्या नावात आहे. पण डरहॅमचे वॉशिंग्टनही जुन्या कागदांत ‘वेसिंग्टन’ असेच येतात. उदाहरणार्थ, १४१६ ते १४४६ या काळात डरहॅम कॅथीड्रलच्या मठाचे प्रायर (प्रमुख) असलेले जॉन वेसिंग्टन. म्हणजे नुसत्या स्पेलिंगवरून काउंटी ठरवता येत नाही. कागद कुठे तयार झाला ते आधी बघायचं, नाव नंतर.

प्रश्न : डरहॅमचं हे घराणं अमेरिकेत कसं पोहोचलं?

टप्प्याटप्प्याने. एक शाखा पश्चिमेला लँकाशरमधल्या वॉर्टन गावी स्थिरावली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन १६व्या शतकात नॉर्थॅम्प्टनला येऊन लोकरीच्या व्यापारात पडला आणि १५३२ व १५४५ असा दोनदा त्या शहराचा मेयर झाला. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये या लॉरेन्सने सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली. किंमत ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स.

त्याच्याच वंशातला आणखी एक लॉरेन्स एसेक्समध्ये पर्ली इथे पाद्री होता. राजा विरुद्ध पार्लमेंट अशा इंग्लंडमधल्या यादवी युद्धात तो राजाच्या बाजूचा, आणि सत्ता पार्लमेंटकडे. १६४३ मध्ये त्याला काढून टाकलं. दारूच्या गुत्त्यांत पडून असतो, असा आरोप ठेवला होता. त्या काळी राजनिष्ठ पाद्र्यांवर हा आरोप सर्रास व्हायचा, त्यामुळे तो फार मनावर घ्यायचं कारण नाही. घराची घडी मात्र विस्कटली. मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारात शिरला आणि ‘सी हॉर्स ऑफ लंडन’ या जहाजावरून व्हर्जिनियाला गेला. १६५७च्या सुरुवातीला परतीच्या वाटेवर पोटोमॅक नदीत ते जहाज रुतलं. जहाज पुन्हा तरंगलं तोवर जॉनने कायमचं तिथेच राहायचं ठरवलं होतं. त्याचा मुलगा लॉरेन्स, त्याचा ऑगस्टिन, आणि ऑगस्टिनचे चिरंजीव जॉर्ज वॉशिंग्टन, जन्म १७३२. राजधानीला त्यांचं नाव १७९१ मध्ये मिळालं. वायव्य कोपऱ्यातला वॉशिंग्टन प्रांत १८५३ मध्ये वेगळा झाला आणि १८८९ मध्ये राज्य बनला. म्हणजे गावाचं नाव आडनाव झालं, आणि त्या आडनावावरून पुन्हा शहर आणि राज्य.

प्रश्न : आज अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाचे बहुतेक लोक कृष्णवर्णीय आहेत, असं वाचलं. हे खरं आहे का? ते सगळे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या गुलामांचे वंशज समजायचे का?

पहिलं खरं, दुसरं नाही.

अमेरिकेच्या २०००च्या जनगणनेत हे आडनाव लावणारे १,६३,०३६ लोक होते. त्यांतल्या सुमारे ९० टक्के लोकांनी स्वतःला कृष्णवर्णीय म्हणून नोंदवलं होतं, गोऱ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास. २०१०च्या जनगणनेत एकूण आकडा १ लाख ७७ हजारांच्या वर गेला आणि कृष्णवर्णीयांचं प्रमाण साडेसत्त्याऐंशी टक्के राहिलं. नेहमीच्या आडनावांमध्ये कृष्णवर्णीयांचं इतकं मोठं प्रमाण दुसऱ्या कुठल्याही आडनावात नाही.

आता जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मालकीच्या लोकांकडे बघा. १७९९ मध्ये ते वारले तेव्हा माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्यांचे स्वतःचे. १५३ पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतले होते, त्यांना मुक्त करायचा अधिकार या दोघांपैकी कुणालाच नव्हता. उरलेले ४१ भाड्याने आणलेले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या १२३ जणांना मुक्त करायचं लिहून ठेवलं आणि १ जानेवारी १८०१ रोजी मार्थांनी ते अमलात आणलं. या लोकांतही सगळ्यांनी मालकाचं आडनाव घेतलं नव्हतं. कित्येकांची स्वतःची वेगळी आडनावं होती. दीड लाखांचं मूळ १२३ माणसांत शोधायला जाणं वेडेपणाचं आहे.

खरी वाढ पुढची, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरची. डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी बंद करणारी १३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि सुमारे ४० लाख माणसं कायद्याने मुक्त झाली. शाळेत, बँकेत, सैन्यात, मजुरीच्या करारावर आता आडनाव लागत होतं. कुणी शेवटच्या मालकाचं घेतलं, कुणी आधीच्या मालकाचं, कुणी गुलामीत असतानाच आपसात चालत आलेलं नाव कागदावर आणलं, कुणी स्वतः निवडलं. वॉशिंग्टन हे नाव देशभर ठाऊक होतं आणि प्रतिष्ठेचं होतं. शिवाय पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून मुलाचं पाळण्यातलं नाव वॉशिंग्टन ठेवायची चाल गोऱ्यांत होती तशीच गुलामांमध्येही होती.

हा शेवटचा मुद्दा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. बुकर टी. वॉशिंग्टन यांचंच बघा. १८५६ मध्ये व्हर्जिनियात गुलामीत जन्म, आणि मुक्तीनंतर कुटुंब वेस्ट व्हर्जिनियात. शाळेत हजेरी घेताना पूर्ण नाव विचारलं, तेव्हा या मुलाकडे फक्त ‘बुकर’ होतं. त्याने ‘बुकर वॉशिंग्टन’ असं सांगून टाकलं. त्याच्या सावत्र वडिलांचं नाव वॉशिंग्टन फर्ग्युसन. त्यांचं आडनाव फर्ग्युसन, वॉशिंग्टन हे पहिलं नाव, आणि तेच मुलाने आडनाव म्हणून लावलं. अशा घराण्याचा माग घेत कुणी डरहॅमला गेलं तर तिथे मिळणार काय? शब्द तिथला आहे, माणसं तिथली नाहीत.

अशा कुटुंबाचा शोध घेताना १८७०ची जनगणना हा मोठा उंबरठा असतो. सगळ्या कृष्णवर्णीयांची नावानिशी नोंद झालेली ती पहिली जनगणना. त्याआधी १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्या आहेत, पण त्यांत मालकाचं नाव आणि खाली फक्त वय, लिंग, रंग. नाव जवळपास कुठेच नाही. म्हणून १८७०च्या आसपासची दोन साधनं आधी धुंडाळावीत : फ्रीडमेन्स ब्यूरो या मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे मजुरी करार (ब्यूरो १८६५ ते १८७२) आणि त्यांच्याचसाठी काढलेल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेची खातेपुस्तकं (१८६५ ते १८७४). बँकेच्या फॉर्मात आईवडील, भावंडं, जन्मगाव आणि काही वेळा जुना मालक यांची माहिती भरून घेतलेली असे. १८७०च्या पलीकडे जायची वाट बहुधा त्यातूनच सापडते. मालकाचं आडनाव वॉशिंग्टन असणारच, हे गृहीत धरून शोध सुरू केला तर मात्र हमखास रस्ता चुकतो.

प्रश्न : २००० ते २०१० मध्ये हे आडनाव लावणारे वाढले, तरी क्रमवारीत ते १३८वरून १४५वर घसरलं. हे कसं?

क्रमवारी इतरांच्या वाढीवर ठरते. त्या दहा वर्षांत स्पॅनिश वळणाची आडनावं झपाट्याने वर आली आणि जुनी इंग्रजी आडनावं त्या प्रमाणात खाली ढकलली गेली.

आकडा वाढला १४,३५० ने, म्हणजे जवळपास ९ टक्के. पण आडनाव नीट नोंदलेली एकूण माणसंही सुमारे २७ कोटींवरून साडेएकोणतीस कोटींवर गेली. लाखात किती, असा हिशेब केला तर २०००मध्ये ६०.४ आणि २०१०मध्ये ६०.१. म्हणजे प्रमाण जागच्या जागी आहे, वाढ फक्त लोकसंख्येची. आडनावाची तुलना करताना नेहमी हाच आकडा काढावा. नुसती संख्या आणि नुसता क्रमांक, दोन्ही फसवतात.

जुन्या ब्रिटिश जनगणनेचे नकाशे वाचताना तर ही काळजी हवीच. १८८१च्या जनगणनेवरून आडनावांचे नकाशे काढायची पद्धत आहे, कारण ती पूर्णपणे सूचीबद्ध झालेली आहे आणि तोवर रेल्वेने माणसं हलवली असली तरी आडनावं आपापल्या मुलखात बऱ्यापैकी टिकून होती. समजा, एखाद्या आडनावाचे लंडनमध्ये ३८ लोक सापडले आणि उत्तरेच्या वेस्टमोरलंडमध्ये फक्त १३. लंडन पुढे दिसतं. पण तेव्हा लंडनची वस्ती सुमारे ३८ लाख आणि वेस्टमोरलंडची जेमतेम ६४ हजार. दशलक्षामागे लंडनचे १०, वेस्टमोरलंडचे २०० हून अधिक. उगम कुठे शोधायचा ते आता उघड आहे. लंडनमध्ये प्रत्येकच आडनाव सापडतं, त्यामुळे तिथला ठिपका काहीच सांगत नाही.

वॉशिंग्टनच्या बाबतीत तर आजच्या नकाशावरून मूळ गाव शोधताच येणार नाही. जिथून हे आडनाव निघालं त्या इंग्लंडमध्ये ते आज विरळ आहे, आणि अटलांटिकपलीकडे जिथे दाट आहे तिथे ते बहुतांशी रक्ताच्या नात्याने पसरलेलं नाही.

प्रश्न : न्यूटन, सटन, मिल्टन यांसारख्या आडनावांवरून मूळ गाव ओळखता येतं का?

नुसत्या आडनावावरून नाही. सटन म्हणजे दक्षिणेकडची वाडी, नॉर्टन उत्तरेकडची, न्यूटन नवी वाडी. मोठ्या वस्तीच्या दक्षिणेला छोटी वस्ती कुठेही असू शकते, त्यामुळे अशा नावांची गावं इंग्लंडभर डझनावारी आहेत आणि प्रत्येकातून स्वतंत्र घराणी निघालेली आहेत. दोन सटन एकमेकांचे कुणी लागत असतील असं समजायला काही आधार नाही. मिल्टनचा तर अर्थही गावागणिक बदलतो : कुठे मधली वाडी, कुठे गिरणीची. कुठला लागू ते त्या गावाचं सर्वांत जुनं स्पेलिंग बघितल्याशिवाय कळत नाही.

उलट नाव जितकं आडबाजूच्या वस्तीचं, तितकं शोधायला सोपं. रॅम्सबॉटम, शफलबॉटम यांसारखी लँकाशरची आडनावं ऐकून इंग्रज मुलं खिदळतात, पण ती एकेका ठिकाणाशी घट्ट बांधलेली आहेत. तिथला ‘बॉटम’ म्हणजे दरीचा तळ. शफलबॉटमचं मूळ बरीजवळची शिपरबॉटम ही वस्ती, मेंढ्या धुवायच्या जागेवरून नाव पडलेली.

गावाऐवजी नुसत्या खुणेवरून पडलेली नावं हा वेगळा वर्ग, आणि त्यात नवखे हमखास फसतात. नॅश नावाचं गाव नकाशात शोधण्याआधी हे ठाऊक असावं की जुन्या बोलीत ‘अॅटन अॅश’, म्हणजे अॅश झाडापाशी राहणारा, असं म्हणत. बोलता बोलता ‘न’ पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला. ओक झाडांपाशी राहणाऱ्यांचे नोक्स झाले तेही असेच. अशी झाडं काय, गावोगाव.

प्रश्न : इंग्लंडमधल्या गावावरून पडलेलं आडनाव प्रत्यक्ष शोधायचं तर सुरुवात कुठून करावी?

आजपासून मागे. गावापासून पुढे कधीच नाही. नकाशात आडनावाचं गाव सापडलं की तिथल्या दप्तरात उडी मारायचा मोह होतो. मग तिथे त्याच नावाचा कुणीतरी मिळतो आणि तो आपलाच पूर्वज म्हणून चिकटवला जातो. एक पिढी कागदाने पक्की झाल्याशिवाय पुढच्या पिढीला हात लावायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तरी निम्म्या चुका टळतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. विवाहाच्या दाखल्यावर दोन्ही वडिलांची नावं आणि धंदे मिळतात, त्यामुळे मागे जायला तो सर्वांत उपयोगी. जनगणना दर दहा वर्षांनी, माणसांची नावं देशभर पद्धतशीरपणे १८४१ पासून. पण १८४१ची जपून वापरावी. तिच्यात १५ वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. आणि जन्मस्थळाच्या जागी फक्त ‘याच काउंटीत’ किंवा ‘नाही’. जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, मिळतो तो १८५१ पासून. गावावरच्या आडनावासाठी तोच रकाना मोलाचा, कारण कुटुंब कुठल्या दिशेने सरकत आलं ते त्यातून दिसतं. जनगणनेची मूळ पानं १०० वर्षं बंद असतात. १९२१ची २०२२ मध्ये खुली झाली. त्यापुढे मोठं खिंडार आहे : १९३१ची इंग्लंड-वेल्सची पानं १९४२च्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. मधे आधार युद्ध सुरू होताच केलेल्या १९३९च्या नागरिक नोंदवहीचा.

१८३७च्या मागे पॅरिशच्या वह्या. बाप्तिस्मा, विवाह, दफन नोंदवायचा हुकूम १५३८चा, पण त्या वेळच्या सुट्या कागदांपैकी फार थोडे टिकले. शतकाच्या अखेरीस वह्या चर्मपत्रावर उतरवून काढायचा आदेश झाला आणि निदान १५५८ पासूनच्या नोंदी घ्या असं त्यात म्हटलं होतं. बऱ्याच चर्चनी नेमकं तेवढंच केलं, म्हणून पुष्कळ वह्या १५५८ लाच सुरू होतात. १६४२ ते १६६० या यादवीच्या आणि नंतरच्या काळात नोंदी तुटक आहेत. तिथे धागा तुटला तर वही खराब आहे असं समजा, घराणं निर्वंश झालं असं नव्हे. ही फट बुजवायला १६४१-४२च्या प्रतिज्ञायाद्या (निष्ठेची शपथ घ्यायला लावलेल्या १८ वर्षांवरच्या पुरुषांच्या) आणि १६६२ ते १६८९चा चुलीवरचा कर कामी येतो. त्याही मागे १३७७, १३७९ आणि १३८१ सालचे डोईपट्टीचे कागद. आडनावं पक्की होण्याच्या काळातले ते असल्यामुळे आडनाव आणि गाव एकत्र बघायला त्यांच्याइतकं चांगलं साधन नाही.

शोधताना स्पेलिंगचा आग्रह सोडावा. लेखनिक ऐकू येईल तसं लिहायचा. इंग्रजी सूचीत स्वरांच्या जागी ‘कुठलंही अक्षर चालेल’ असं सांगणारं चिन्ह टाकून सगळे पर्याय एकदम मागवावेत. साउंडेक्स नावाची ध्वनीवर आधारलेली सांकेतिक पद्धत अमेरिकेच्या जुन्या जनगणनेच्या सूचीसाठी वापरलेली आहे. तिच्यात पहिलं अक्षर कायम ठेवतात, स्वर, एच, डब्ल्यू आणि वाय गाळतात आणि उरलेल्या व्यंजनांना १ ते ६ अंक देतात. अंक तीनच घेतात. वॉशिंग्टनचं बघा : पहिलं अक्षर डब्ल्यू, मग एसला २, एच गळतो, एनला ५, जीला २, आणि तीन अंक पुरे झाले म्हणून पुढचं सोडून द्यायचं. डब्ल्यू-२५२. वेसिंग्टनचाही संकेत हाच, कारण शेजारचे दोन एस एकच मोजतात. सोय झाली. पण विगिन्सचाही संकेत डब्ल्यू-२५२च येतो! त्यामुळे यादीत ढिगाने विगिन्स निघाले तर घाबरू नये, ते बाजूला काढायचे. याउलट पहिलंच अक्षर लेखनिकाने चुकवलं असेल, डब्ल्यूऐवजी व्ही किंवा एम वाचला असेल, तर साउंडेक्सला नाव सापडणारच नाही. तिथे आडनाव सोडून नवरा-बायको-मुलांच्या पहिल्या नावांवर आणि पॅरिशवर शोध घ्यावा.

प्रश्न : डीएनए तपासून एकच मूळ पुरुष आहे का ते कळेल?

दुर्मिळ आडनाव असेल तर बऱ्यापैकी. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची तुलना केली. स्मिथसारख्या सर्वत्र सापडणाऱ्या आडनावात सारखेपणा जवळपास नव्हता. नॉटिंगहॅमजवळच्या गावावरून पडलेल्या अॅटनबरोमध्ये मात्र दहातले सुमारे नऊ पुरुष एकाच वंशरेषेचे निघाले. सटनकडून अशी अपेक्षा करू नये. दत्तक मुलगा, लग्नाबाहेरचं मूल, वारशासाठी आईचं आडनाव लावणं, यांनीही साखळी तुटते, कागद कितीही नीटनेटके असले तरी.

प्रश्न : वॉशिंग्टन घराण्याचं कुलचिन्ह छापून विकतात. ते आडनाव असलेल्या कुणालाही लावता येतं का?

नाही. इंग्लंडच्या कायद्यात कुलचिन्ह माणसाला मिळतं, आडनावाला नाही. आणि ते चालतं त्याच्या पुरुषवंशातल्या औरस संततीत. ‘अमक्या आडनावाचं कुलचिन्ह’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चौकटी शोभेच्या असतात. इंग्लंडमधला हक्क लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्स या कुलचिन्हांचं दप्तर सांभाळणाऱ्या संस्थेकडे (स्थापना १४८४) वंशावळीच्या पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो.

वॉशिंग्टनचं चिन्ह म्हणजे पांढऱ्या ढालीवर दोन आडवे लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे. कोलंबिया डिस्ट्रिक्टने, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनने, १९३८ मध्ये तेच आपल्या झेंड्यावर घेतलं. जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचं अपत्य नव्हतं, त्यामुळे त्यांच्यापासून थेट वंश सांगणाऱ्या कुठल्याही दाव्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही. भावांच्या वंशातून सांगितला असेल, तर कागद मागावेत.